अंगण वाकडं नव्हतं

प्रोजेक्टर खराब नव्हता. हे वाक्य आता पुन्हा तोंडातून काढू नकोस. परीक्षकांना तेच सांगितलंस, मित्रांना तेच, घरी आईला तेच, आणि परवा माझ्यासमोर बसूनही तेच. वर तोंड असं केलेलं, जसं काही त्या यंत्रानं तुझ्याविरुद्ध कट रचला होता. "सर, आपल्या लॅपटॉपवर तर मस्त चालून राहिलं होतं ना!" चालेलच. तिथंच बनवलंस, तिथंच पाहिलंस, तिथंच स्वतःची पाठ थोपटून घेतलीस. दुसऱ्या पडद्यावर लावून बघायला कोणी मना केलं होतं?

तो प्रोजेक्टर १०२४×७६८ चा होता, म्हणजे ४:३. तुझा लॅपटॉप १३६६×७६८ चा, म्हणजे जवळपास १६:९. उंची दोघांची सारखी, रुंदी तेवढी कमी. तुझ्या गेमचं 'सुरू करा' हे बटण तू पडद्याच्या मध्यापासून ६०० पिक्सेल उजवीकडे ठोकून ठेवलं होतंस. लॅपटॉपची अर्धी रुंदी ६८३. बटण दिसलं. प्रोजेक्टरची अर्धी रुंदी ५१२. बटण गायब. संपली गोष्ट. यात केबल कुठून आली? सगळ्यांसमोर केबल काढत होतास, लावत होतास, फुंकर मारून परत लावत होतास. चोर सोडून संन्याशाला फाशी! ही वजाबाकी चौथीतलं पोट्टं करतं. आणि तुला बारावीला गणितात किती मार्क होते ते मला माहीत आहे. पेढे घेऊन तूच आला होतास.

चीड वेगळ्याच गोष्टीची येते. तुला ४:३ काय असतं हे ठाऊकच नसतं, तर मी एक शब्द बोललो नसतो. पुन्हा पहिल्यापासून शिकवलं असतं. पण रात्री जेवण झालं की काउंटर-स्ट्राइक कोणत्या रिझोल्यूशनवर खेळतोस? सांग ना. १०२४×७६८, स्ट्रेच्ड. म्हणजे ज्या आकारात रात्र-रात्र बंदूक चालवतोस, नेमक्या त्याच आकारात तुझा स्वतःचा गेम उघडला, आणि तुला तो ओळखता आला नाही. असा कसा बे तू?

काहून खेळतोस स्ट्रेच्ड, हे मी विचारलं होतं. उत्तर आलं, "सर, सगळे प्रो तसंच खेळतात." हे उत्तर झालं? प्रो खेळाडू सकाळी काय खातात तेही विचारून घेतलंस का? वही काढ. मनातल्या मनात नको, वहीत.

काउंटर-स्ट्राइकमध्ये ४:३ च्या पडद्याला आडवा एफओव्ही, म्हणजे पडद्यात मावणारा दृष्टीचा कोन, ९० अंशांचा. त्याचं निम्मं ४५. टॅन ४५ म्हणजे १. तेव्हा डोळ्यापासून १ अंतरावर पडदा धरला, तर मध्यापासून कडेपर्यंतची रुंदी १. आकार ४:३, म्हणून मध्यापासून वरच्या कडेपर्यंत पाऊण. इथपर्यंत आलं लक्षात? आता हा गेम उंची बांधून ठेवतो आणि रुंदी पडद्यानुसार मोकळी सोडतो. १६:९ चा पडदा लाव. उंची तीच, पाऊण. रुंदी किती? पाऊण गुणिले सोळा, भागिले नऊ. चार-तृतीयांश. ज्याचा टॅन ४/३ तो कोन ५३.१३ अंशांचा. दुप्पट कर. १०६.२६. आणि उभा कोन? त्याच्या निम्म्याचा टॅन ३/४, म्हणजे ३६.८७ अंश. हे दोन कोन ओळखीचे वाटतात का? ३-४-५ चा त्रिकोण आहे तो! शाळेत पायथागोरससाठी शंभर वेळा काढलास. तुझ्या पडद्यात रोज रात्री तो तुझ्यासमोर उभा असतो आणि तू त्याच्या पलीकडे कोणाला तरी गोळ्या घालत असतोस.

म्हणजे स्ट्रेच्ड केलंस की १०६ चे ९० झाले. दोन्ही बाजूंचे आठ-आठ अंश स्वतःच्या हातानं कापून टाकलेस. त्या आठ अंशांत कोणी उभा असतो, तो तुला मारतो, आणि तू ओरडतोस, "लॅग होता!" बदल्यात काय मिळालं? उरलेलं चित्र आडवं ताणलं गेलं, १.३३ पट. शत्रू रुंद दिसायला लागला. दिसायला! त्याच्यावर नेम न्यायला जेवढ्या कोनातून वळायचं तेवढ्याच कोनातून वळावं लागतं. माऊस जितका सरकवायचा तितकाच सरकवावा लागतो. आणि तो रुंद झालेला शत्रू पडद्यावरून पळतोही १.३३ पट वेगानं, ते वेगळंच.

प्रो खेळाडूंची कारणं मला मान्य आहेत, कारण ती कारणं आहेत. काही जण जुन्या ४:३ च्या जाडजूड काचेच्या मॉनिटरवर शिकले, त्यांचा हात त्या आकारात बसला. काहींना फ्रेम रेट हवा असतो. १२८०×९६० म्हणजे १२,२८,८०० पिक्सेल. १९२०×१०८० म्हणजे २०,७३,६००. ग्राफिक्स कार्डाचं ओझं बरंच उतरतं. काहींना मधलं चित्रच मोठं पाहिजे असतं, कडांशी देणंघेणं नसतं. काय गमावलं आणि काय कमावलं हे त्यांना माहीत आहे. तुला माहीत होतं? दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणाऱ्यानं निदान ते पाणीच आहे एवढं तरी बघावं.

बरं, एकदा फसलास असं धरू. मग फोनवर काय केलंस? २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, २०२१ मध्ये त्याच्याच जागी बीजीएमआय आला, आणि तुमच्या टोळीत 'आयपॅड व्ह्यू'चं वेड शिरलं. आयपॅडवाल्याला वर-खाली जास्त दिसतं, म्हणून आपल्या लांबुळक्या फोनवरही तसंच पाहिजे. कोणाचं तरी ॲप आणलंस, गेमच्या फायली बदलल्यास, खातं बंद झालं. "सर, त्यांनी विनाकारण बॅन केलं." विनाकारण? दुसऱ्यांना दिसत नाही ते आपल्याला दिसावं म्हणून फायली उचकवायच्या, आणि वर अन्याय झाला म्हणून गळा काढायचा? चोरीचं नाव सेटिंग ठेवलं म्हणून ती सेटिंग होत नाही.

पण ते बाजूला ठेव. मला जास्त लागलं ते दुसरंच. काउंटर-स्ट्राइकमध्ये ४:३ केलं की कमी दिसतं. बीजीएमआयमध्ये ४:३ केलं की जास्त दिसतं. तू दोन्हीकडे ४:३ करून बसलास. एकदाही, एकदा तरी, हे उलटं कसं असा प्रश्न तुला पडला? दहावीत असताना 'असं का' विचारून विचारून माझं डोकं खाणारा पोरगा तूच होतास ना? कुठं गेला तो?

घोडं इथंच पेंड खातं. कोणती बाजू बांधलेली आहे? पबजी बनला अनरिअल इंजिनात, आणि त्या इंजिनाची जुनी पद्धत रुंदी बांधायची आणि उंची मोकळी सोडायची. मघाचंच गणित उलटं कर. अर्धी रुंदी १ धर. २०:९ च्या फोनवर अर्धी उंची ९/२०, म्हणजे ०.४५. ४:३ वर ०.७५. रुंदी बांधली की चौकोनी पडदा जिंकतो. उंची बांधली की लांबुळका जिंकतो. एवढंच आहे सगळं. वहीच्या अर्ध्या पानाचं काम, आणि त्यासाठी तू खातं घालवलंस. आणि व्हॅलोरंटमध्येही तेच ४:३ लावलंस ना? तिथं आडवा कोन १०३ अंशांवर कायमचा बांधून टाकलेला आहे. स्ट्रेच्ड करून शत्रू रत्तीभरही रुंद होत नाही, फक्त कडेचे आकडे आणि नकाशा फुगतो. महिनोन्महिने फुगलेले आकडे बघून तुला वाटत होतं की नेम सुधारला. नेम सुधारला नव्हता. तसं वाटायला तुला आवडत होतं.

ही सवय तुझ्या गेममध्ये उतरली, म्हणून मी एवढा तापलो आहे. खेळात फसलास तर तुझं तू बघ. पण तू बनवणारा आहेस.

तू बेसात वाढलास. शेतांचे लेआउट होताना, लेआउटचे फ्लॅट होताना तू पाहिलं आहेस. पंधराशे फुटांचा प्लॉट ३०×५० चा असतो आणि २५×६० चाही असतो. क्षेत्रफळ सारखं, पण एकाचा नकाशा दुसऱ्यावर बसवायला गेलास तर जिना शेजाऱ्याच्या अंगणात उतरेल. क्षेत्रफळ म्हणजे तुझे एकूण पिक्सेल, आकार म्हणजे ॲस्पेक्ट रेशो. दोन्हींना तू सरसकट 'रिझोल्यूशन' म्हणतोस आणि मग घोटाळा होतो. १२८०×७२०, १९२०×१०८०, ३८४०×२१६० हे एकाच आकाराचे लहान-मोठे प्लॉट. १०२४×७६८ वेगळ्या आकाराचा. आणि आपल्या क्लासमधला तो जुना १७ इंची मॉनिटर १२८०×१०२४ चा, तो ४:३ सुद्धा नाही, ५:४ आहे. त्यावर तू ४:३ चं चित्र पूर्ण पसरवून ठेवलं होतंस आणि वर्तुळं उभी अंडाकार झाली होती. रोज बघत होतास. दिसत नव्हतं.

आता सांग, घराचा नकाशा काढणारा इंजिनिअर फाटकाची जागा कशी सांगतो? 'दिवाणखान्याच्या मध्यापासून अमुक फूट' असं सांगतो का? कुंपणाच्या कोपऱ्यापासून मोजतो. बटण कडेला पाहिजे तर कडेपासून मोज. उजव्या कडेपासून ८३ पिक्सेल आत. तू ज्यात गेम बनवलास त्या युनिटीत त्याला अँकर म्हणतात, तू त्याच्यावर दोन तासांचा व्हिडिओ पाहिलास, मला लिंकही पाठवली होतीस. पाहिलास आणि वापरला नाहीस. अँकर मध्यावर होता तो तसाच मध्यावर राहू दिलास, कारण मध्यावर तो आपोआप येतो. कॅन्व्हासही मुळात जसा येतो तसाच ठेवला: ठरावीक पिक्सेलचा. पडदा मोठा झाला तरी बटण तेवढंच. हाच गेम २४००×१०८० च्या फोनवर टाक, तिथं अर्धी रुंदी १२०० आहे. कडेचं तुझं बटण मध्य आणि कड यांच्या बरोब्बर निम्म्यावर लोंबकळत राहील. मग काय म्हणशील? फोन खराब आहे?

'वेळ नव्हता' म्हणू नकोस. युनिटीत गेम व्ह्यूच्या वरच्या पट्टीवर यादी आहे. तिच्यात 'फ्री ॲस्पेक्ट' निवडलेलं होतं, म्हणजे खिडकी जेवढी तेवढा पडदा. त्या यादीत स्वतःचं १०२४×७६८ घालायला किती वेळ लागतो? चहा निवायला लागतो त्याहून कमी. तू ते केलं नाहीस, कारण तुला आतून ठाऊक होतं की काहीतरी मोडलेलं दिसेल, आणि मोडलेलं दिसलं की दुरुस्त करावं लागेल. न बघितलेली चूक तुझ्या हिशेबात चूकच नसते. झाकली मूठ सव्वा लाखाची! परीक्षकांसमोर उघडली तेव्हा काय निघालं?

बटण तर सोड. तुझ्या गेमचं खरं नुकसान कुठं झालं ते तर तुझ्या अजून ध्यानातच आलेलं नाही. बेसा चौकातून निघालेली स्कूटी मनीष नगरचं फाटक, अजनी चौक, रहाटे कॉलनी करत बर्डीला पोचते. खड्डे, गाई, उलट्या बाजूनं येणारे ऑटो. कल्पना झकास आहे, हे मी तेव्हाही म्हणालो होतो. फाटकापाशी लोक दांड्याखालून वाकून गाड्या काढतात ते चित्र तर इतकं हुबेहूब की मला हसू आवरलं नाही. पण तुझा कॅमेरा उंची धरून बसलेला आहे. युनिटीचा टू-डी कॅमेरा मुळात तेच करतो. उंची १ धरली तर ४:३ वर रुंदी १.३३, लॅपटॉपवर १.७८, २०:९ च्या फोनवर २.२२. समोरून येणारा ट्रक फोनवाल्याला केव्हाचा दिसतो आणि प्रोजेक्टरवर तो नाकासमोर आल्यावरच दिसतो. त्या दिवशी परीक्षकांनी खेळून पाहिलं, तिसऱ्या ट्रकला धडकले, आणि तू बाहेर येऊन म्हणालास, "त्यांना गेम खेळता येत नाही." त्यांना येत नाही? तू त्यांच्या पडद्याची दोन्ही बाजूंनी मिळून पाव रुंदी कापून हातात दिलीस! आणि वर 'सर्वांत जास्त स्कोअर' ची यादी लावलीस. ज्याचा फोन लांब त्याचा स्कोअर मोठा, अशी ती यादी. आयपॅड व्ह्यू वापरणाऱ्यांना बॅन करतात ते याच कारणासाठी, हे आता तरी पटलं का?

उपाय काय ते तुला माहीत आहे. ट्रक केव्हा दिसावा हे पडद्याच्या कडेवर सोडायचं नाही, स्कूटीपासूनच्या अंतरावर ठरवायचं, रस्ता सगळ्यांना सारखाच दाखवायचा, आणि उरलेल्या जागेत वर आकाश नाहीतर बाजूला काळ्या पट्ट्या. काळ्या पट्ट्यांचं तुला एवढं वावडं काहून? "सर, प्रोफेशनल वाटत नाही." आजोबा जुनी मालिका रुंद टीव्हीवर फुगवून बघतात तेव्हा तूच हसतोस ना, की सगळे देव जाडे झाले? तुझ्याच हातानं केलेलं फुगलेलं चित्र मात्र प्रोफेशनल.

हे आकार आभाळातून पडलेले नाहीत. एडिसनकडे डिक्सननं ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चार छिद्रांच्या उंचीची चौकट ठरवली, तिचा आकार ४:३. आपल्या दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये आला तो याच चौकटीत. टीव्हीनं ती उचलली, संगणकानं टीव्हीकडून घेतली. १९५० च्या दशकात टीव्ही घरात शिरला तसा सिनेमा रुंद झाला. आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप गुरुदत्तचा 'कागज के फूल', १९५९. या दोन्ही टोकांच्या मध्ये बसेल असा आकार १९८० च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अमेरिकी इंजिनिअरनं सुचवला, तो १६:९. आता गंमत बघ, तुझ्यासारख्याला आवडायला हवी. ४/३ चा वर्ग किती? १६/९. घन किती? ६४/२७. दुकानात '२१:९' म्हणून जो २५६०×१०८० चा मॉनिटर विकतात तो मोजून बघ. ६४/२७ निघेल. २१:९ नाहीच तो. खोक्यावरचा आकडा खोटा आणि भागाकार खरा.

आणि १९९३ चा 'डूम' आठव. आकडे ३२०×२००, म्हणजे १६:१०. पण समोरचा मॉनिटर ४:३ चा. मग प्रत्येक पिक्सेल रुंदीपेक्षा १.२ पट उंच पडायचा. चित्रं काढणाऱ्यांनी ते गृहीत धरून काढली. आज चौकोनी पिक्सेलवर तो गेम जसाच्या तसा उघडला की सगळे राक्षस बुटके दिसतात. त्यांना आपलं चित्र कोणत्या काचेवर पडणार हे ठाऊक होतं. तुझ्याकडे आज त्यांच्या शंभरपट साधनं आहेत आणि तुला प्रोजेक्टरचे आकडे विचारायला सुचलं नाही.

आता लॅपटॉपचं रडगाणं. "सर, माझा लॅपटॉपच कमजोर आहे." १३६६×७६८ म्हणजे १०,४९,०८८ पिक्सेल. फुल एचडीच्या जेमतेम निम्मे. तुझ्या कार्डाला निम्मंच काम आहे, आणि तूच तक्रार करतोस. (आकडा विचित्र का, तर ७६८ ला १६:९ लावलं की १३६५.३३ येतं, तृतीयांश पिक्सेल कोण बनवणार?) बरं, वेग पाहिजे म्हणून तू दुसऱ्या गेममध्ये १२८०×७२० लावलंस. पिक्सेल वाचले बारा टक्के. बदल्यात प्रत्येक १५ ओळींच्या १६ करताना सगळं चित्र पिठूळ झालं, अक्षरं वाचता येईनात. पडद्याचे पिक्सेल जागेवर ठोकलेले असतात. ते काही रबराचे नाहीत. गेममध्ये रेंडर स्केल नावाची वेगळी सरकपट्टी असते, ती खाली आण, अक्षरं स्वच्छ राहतात. एएमडीचं एफएसआर २०२१ पासून आहे, जुन्या कार्डांवरही चालतं. हे सगळं तुला माहीत नाही असं म्हणतोस? माझ्या भाच्याला तूच समजावून सांगत होतास.

आणि या सगळ्यावर तुझा तोडगा काय? बाबांकडे फोर-के मॉनिटरचा हट्ट. ८२,९४,४०० पिक्सेल. तुझ्या आत्ताच्या पडद्याच्या जवळपास आठपट. कार्ड तेच जुनं. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे तुला मी सांगायचं? बाबा फ्लॅटचा हप्ता भरून राहिले आहेत, तुला गाडी हवी तेव्हा गाडी दिली, फी वेळेवर भरतात, आणि तू त्यांना सांगतोस की जुन्या पडद्यामुळे प्रोजेक्ट बिघडला. तोंडावर सांगतोस. लाज नाही वाटली?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' बघितलास ना? २०२० मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आला, मग पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर. लहान चमू. स्विच हातात धरला की ६.२ इंचांचा १२८०×७२० चा पडदा, टीव्हीला जोडला की भिंतीएवढं चित्र, आणि पीसीवर तर लोक काय वाट्टेल ते लावतात. प्रत्येक ठिकाणी गेममधली ती पोरगी दिसली पाहिजे, तिच्या हातातलं त्रिशूळ दिसलं पाहिजे, अक्षरं वाचता आली पाहिजेत. त्याच वर्षी गेम ॲवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळालं. त्यांना कोणी पडदे निवडून दिले नव्हते.

मोठ्यांच्याही चुका होतात, हे तू म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो. २००७ चा 'बायोशॉक' रुंद पडद्यावर वरून-खालून कापलेला दिसायचा. रुंद टीव्ही घेतलेल्यांना जास्त दिसायच्या ऐवजी कमी दिसलं आणि त्यांनी रान उठवलं. मग त्याच वर्षी दुरुस्ती आली, सेटिंगमध्ये पर्याय आला. त्यांनी 'तुमचा टीव्ही खराब आहे' असं कळवलं नाही. तू आत्तापर्यंत किती ओळी दुरुस्त केल्यास? एक तरी? परीक्षा होऊन गेल्यापासून ती फाइल उघडली तरी आहेस का? नाही उघडलीस. तारीख दिसते मला तिथं.

तर आता ऐक. रविवारी सकाळी येशील. सगळी बटणं कडांना बांधलेली पाहिजेत. कॅमेरा कोणती बाजू धरतो हे मला तू सांगायचं, मी नाही. १०२४×७६८, १२८०×१०२४, १३६६×७६८ आणि २४००×१०८० या चारही पडद्यांवरची चित्रं काढून आण, फाटकाजवळची. चारहीत ट्रक स्कूटीपासून सारख्याच अंतरावर दिसायला लागला पाहिजे, फूटपट्टी लावून बघणार आहे. स्कोअरची ती यादी पुसून टाक, पुन्हा पहिल्यापासून भर. काउंटर-स्ट्राइक कोणत्याही आकारात खेळ, माझी हरकत नाही, पण काहून ते एका ओळीत वहीत लिहून आण, आणि त्या ओळीत 'प्रो' हा शब्द चालणार नाही. आणि १६:१० च्या पडद्यावर आडवा कोन किती येतो ते मघाच्याच रीतीनं काढ. अर्धी रुंदी १.२ आली तर बरोबर चाललास. बाबांना मॉनिटरबद्दल काय सांगितलं होतंस ते आधी जाऊन दुरुस्त कर, मग इकडे ये.

चार्जर घेऊन ये. मागच्या वेळी बॅटरी संपल्याचं सांगितलं होतंस.